गायी-बैलांची जीभ आणि तोंड कसे तपासावे

गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यांच्या जागी कठीण गादी असते, आणि गवत वेटाळून तोंडात ओढण्याचे काम मुख्यतः जिभेलाच करावे लागते. म्हणूनच जीभ दुखावलेले जनावर भूक असूनही वैरणीजवळ नुसते उभे राहते.

जनावर लाळ गाळत असेल आणि त्याला गिळता येत नसेल, तर पिसाळण्याची शंका धरून तोंडात हात घालू नये, पशुवैद्यकाला बोलवावे. एरवी जनावर नीट बांधून, हातमोजे घालून त्याच्या बाजूला उभे राहावे, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून हात आत सरकवावा आणि जीभ धरून हलकेच एका बाजूला घ्यावी. निरोगी जीभ ओलसर, लवचीक आणि वरून खरखरीत लागते, कारण तिच्यावरचे बारीक काटे घशाकडे वळलेले असतात. काळे डाग बहुधा जन्मजात रंगाचे असतात, त्यांची धास्ती नको.

जिभेच्या मागच्या उंचवट्यापुढे एक खोलगट खाच असते. तिथे बोट फिरवल्याशिवाय तपासणी पुरी मानू नये. कुसळे नेमकी तिथेच रुततात, आणि त्या जखमेतून जंतू शिरल्यास जीभ सुजून कडक होते. या ‘लाकडी जिभे’वर वेळीच उपचार झाल्यास गुण येतो.

जीभ, हिरड्या आणि खुरांच्या बेचक्यात फोड दिसल्यास लाळ्या-खुरकुताचा संशय घ्यावा, जनावर ताबडतोब वेगळे बांधावे आणि त्याची गव्हाण व पाण्याची बादलीही वेगळी ठेवावी.