'व्हिटल' म्हणजे तासणे, कोरणे नव्हे

इंग्रजीतील 'व्हिटल' (whittle) या क्रियापदासाठी सरसकट 'कोरणे' लिहिले जाते, ते टाळावे. हातातल्या लहान सुरीने लाकडाच्या पातळ ढलप्या काढत त्याला आकार देणे, म्हणजे आपले 'तासणे', हाच त्याचा नेमका अर्थ आहे. ब्लेडने पेन्सिलीला टोक काढताना एकेक सालपट सुटत जाते, तशीच ही क्रिया असते. 'कोरणे' यासाठी 'कार्व्ह' आहेच, आणि ते दगडाच्या कामालाही चालते. लाक्षणिक अर्थही या ढलप्यांतूनच आला आहे: २० अर्जांतून एकेक गाळत ५ ठेवले, तर 'व्हिटल्ड डाउन टू फाइव्ह' असे म्हणतात, आणि शिल्लक हळूहळू झिजत गेली, तर 'व्हिटल्ड अवे'. एका फटक्यात केलेल्या कपातीसाठी मात्र हे क्रियापद वापरू नये.