ब्रिटनमध्ये आपलं छोटं डिजिटल रेडिओ केंद्र: परवाना कसा काढायचा

नवी मंडळी मला आधी ट्रान्समीटरची किंमत विचारतात. तो तुम्हाला घ्यायचाच नाहीये! स्मॉल-स्केल डॅबमध्ये, म्हणजे छोट्या भागापुरत्या डिजिटल रेडिओत, परवाने वेगवेगळे असतात: अनेक केंद्रांचं प्रक्षेपण एकत्र सांभाळणाऱ्या मल्टिप्लेक्सचा एक, कार्यक्रम देणाऱ्या केंद्राचा दुसरा. दोन्ही ऑफकॉम ही ब्रिटनची प्रसारण नियामक संस्था देते. तुम्हाला हवा तो सी-डीएसपी, म्हणजे सामुदायिक डिजिटल केंद्राचा.

संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी. लोकांना लाभ काय होणार आणि कारभारात त्यांचं म्हणणं कसं पोचणार, हे अर्जात नीट मांडा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. ‘मराठी संस्कृती जपू’ एवढ्यावर भागत नाही. आम्ही लिहिलं होतं: मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांसाठी दर बुधवारी दवाखान्यांची माहिती, मराठीतून.

मल्टिप्लेक्सवाल्यांशी आधीच बोलून घ्या, कारण मल्टिप्लेक्सवर तुमच्या केंद्राला लागणाऱ्या जागेचे पैसे त्यांना द्यावे लागतात. गाणी लावणार असाल तर पीपीएल (ध्वनिमुद्रणाचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि पीआरएस (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी) यांचे परवाने वेगळे काढा.

आणि प्रत्येक प्रसारणाचं रेकॉर्डिंग ४२ दिवस जपून ठेवा. आमची डिस्क एकदा भरली आणि तीन दिवसांचं काहीच उरलं नाही. तेव्हापासून दुसरी डिस्क कायम जोडलेली असते, आणि रोज रात्री मी स्वतः तपासते.