सर्च जाहिरातींत कीवर्डची बोली कशी ठरवावी

पे-पर-क्लिक, म्हणजे क्लिकमागे पैसे मोजायच्या सर्च जाहिरातींचे खाते उघडल्यावर नवशिक्यापुढे लवकरच एक रिकामी चौकट येते. ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द म्हणजे कीवर्ड, आणि त्यावरच्या एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती पैसे देणार, म्हणजे बोली किती, हे त्या चौकटीत लिहायचे असते. बहुतेक जण तिथे प्लॅटफॉर्मने सुचवलेला आकडा टाकतात किंवा स्पर्धक किती देत असतील याचा अंदाज बांधतात. पण हे दोन्ही आकडे इतरांच्या व्यवसायाच्या हिशेबातून आलेले असतात. आपली बोली आपल्याच नफ्यातून काढावी लागते आणि त्यासाठी शाळेतले अंकगणित पुरते.

समजा, तुम्ही ऑनलाइन गिटार शिकवता आणि एका विद्यार्थ्याच्या शुल्कातून जाहिरातीखेरीज सगळा खर्च वजा जाता ६०० उरतात. चलन कोणतेही असले तरी हिशेब तोच. यातले निम्मे, म्हणजे ३००, नवा विद्यार्थी मिळवण्यासाठी घालवण्याची तुमची तयारी आहे. जाहिरातीवर क्लिक करून आलेल्या १०० जणांपैकी ८ जण चौकशीचा फॉर्म भरतात आणि चौकशी करणाऱ्या दर चार जणांपैकी एक प्रवेश घेतो, म्हणजे १०० क्लिकमागे २ विद्यार्थी मिळतात. त्या १०० क्लिकवर ६०० खर्च करणे परवडते, तेव्हा एका क्लिकची कमाल मर्यादा ६ ठरते.

सुरुवातीला हे २ टक्के कोणालाच ठाऊक नसतात. म्हणून मोहीम सुरू करण्याआधीच कन्व्हर्जन ट्रॅकिंग, म्हणजे क्लिकचे ग्राहकात झालेले रूपांतर (कन्व्हर्जन) नोंदवणारी सोय, बसवावे, कारण कोणत्या कीवर्डवरून आलेला माणूस ग्राहक झाला हे कळत नसेल तर पुढची सगळी मेहनत अंधारात जाते. मग प्रमाण जरा कमी धरावे. १ टक्का धरला तर बोली ३ वर येते. हा आकडा हाताशी घेऊनच गूगल अ‍ॅड्समधले कीवर्ड शोधण्याचे साधन, कीवर्ड प्लॅनर, उघडावा. तिथे पानाच्या वरच्या भागात दिसण्यासाठीच्या बोलीची खालची आणि वरची पातळी दाखवलेली असते. खालची पातळीच १५ असेल, तर तो कीवर्ड सध्या सोडून द्यावा आणि ‘प्रौढांसाठी ऑनलाइन गिटार क्लास’ यासारखे लांब व नेमके शब्दप्रयोग शोधावेत. त्यांवर शोध कमी होतात, पण शोधणाऱ्याचा हेतू पक्का असतो.

कोणाची जाहिरात वर दिसणार हे जाहिरातदारांच्या बोलींच्या लिलावातून ठरते, आणि तो कसा चालतो हे समजल्याशिवाय बोलीचा अर्थ नीट लागत नाही. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉमने अशा जाहिराती आणल्या तेव्हा ज्याची बोली मोठी तो वर, आणि जितकी बोली तितकेच पैसे, असा सरळ नियम होता. २००२ मध्ये गूगलने क्लिकवर आधारलेला आपला लिलाव आणला, त्यात बोलीबरोबर जाहिरातीवर क्लिक होण्याचे प्रमाणही मोजले जाऊ लागले, आणि खालच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरतेच पैसे आकारले जाऊ लागले. आज क्लिक होण्याची शक्यता, जाहिरातीचा शोधाशी असलेला संबंध आणि लँडिंग पेजचा (क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा) अनुभव या तिन्हींचा, म्हणजे जाहिरातीच्या दर्जाचा, विचार होतो. हिशेब सोपा करून पाहू. एकाची बोली ८ आणि दर्जा ४, म्हणजे गुणाकार ३२. दुसऱ्याची बोली ५ आणि दर्जा ८, म्हणजे ४०. कमी बोलीचा दुसरा जाहिरातदार वर जातो आणि त्याला क्लिकमागे ३२ भागिले ८, म्हणजे ४ च्या किंचित वर मोजावे लागतात. प्रत्यक्षात किमान पात्रता, शोधणाऱ्याचे ठिकाण, उपकरण अशा इतर गोष्टीही धरल्या जातात, पण दिशा हीच असते. म्हणून क्लिक महाग पडत असतील तर बोलीला हात लावण्याआधी जाहिरातीचा मजकूर आणि लँडिंग पेज तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

बोली कीवर्डवर लागते, पण पैसे जातात ते लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेल्या शब्दांवर. ‘गिटार क्लास’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे दूरच्या संबंधाचे शोधही चालतील अशा प्रकारात, ठेवला तर ‘गिटार कॉर्ड्स मोफत’ किंवा ‘गिटार शिक्षक नोकरी’ असे शोधणाऱ्यांनाही जाहिरात दिसू शकते, आणि त्यांच्यातला क्वचितच कोणी प्रवेश घेईल. नवशिक्याने एक्झॅक्ट (कीवर्डच्याच अर्थाचे शोध) आणि फ्रेज मॅच (कीवर्डचा अर्थ सामावणारे शोध) यांपासून सुरुवात करावी. ब्रॉड मॅच वापरायचाच असेल तर त्याची बोली कमी ठेवावी. सर्च टर्म्सचा, म्हणजे लोकांनी टाइप केलेल्या शब्दांचा, अहवाल पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन दिवसांनी वाचावा आणि ‘मोफत’, ‘नोकरी’ असे शब्द नेगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे जाहिरात दाखवू नये अशा शब्दांच्या यादीत, टाकावेत. नेगेटिव्ह शब्दाचे समानार्थी शब्द आपोआप रोखले जात नाहीत, त्यामुळे ‘मोफत’बरोबर ‘फुकट’ आणि ‘फ्री’ हेही लिहावे लागतात. बोलीत केलेल्या बारीक बदलांपेक्षा या कामाने जास्त पैसे वाचतात.

यानंतर खरी परीक्षा धीराची असते. एखाद्या कीवर्डवर ५० क्लिक झाले आणि एकही विद्यार्थी मिळाला नाही की हात लगेच बोली कमी करायला सरसावतो. पण खरे प्रमाण २ टक्के असले तरी ५० क्लिकमध्ये एकही प्रवेश न होण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते, म्हणजे चांगला कीवर्डही तिनातल्या एका वेळी असा कोरडा जाऊ शकतो. १५० क्लिकनंतरही शून्यच असेल तर ती शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि तेव्हा बोली घटवण्याला किंवा कीवर्ड थांबवण्याला आधार मिळतो. कमी क्लिकचे अनेक कीवर्ड असतील तर एका अर्थाच्या कीवर्डांचे आकडे एकत्र करून पाहावेत. बदल एका वेळी १०-१५ टक्क्यांचा करावा आणि त्यानंतर निदान आठवडाभर थांबावे, कारण शनिवार-रविवारचे शोध आणि कामाच्या दिवसांचे शोध यांत फरक असतो.

बोली वाढवताना सरासरी खर्च फसवा ठरतो. समजा, बोली ४ असताना आठवड्यात १०० क्लिक मिळतात आणि ३५० खर्च होतो. बोली ५ केली की १२० क्लिक मिळतात आणि खर्च ५०० होतो. सरासरी ३.५ वरून ४.१७ वर गेली, म्हणजे ६ च्या मर्यादेच्या आत आहे असे वाटते. पण वाढलेल्या २० क्लिकसाठी जादा १५० गेले, म्हणजे त्यातला प्रत्येक क्लिक ७.५ ला पडला आणि तो तोट्याचा आहे. म्हणून वाढ केल्यावर नेहमी फक्त नव्या क्लिकचा हिशेब वेगळा काढावा. पहिले स्थान मिळवण्याच्या हट्टापायी पैसे वाया जातात ते इथेच.

दैनिक बजेटबद्दल थोडक्यात : गूगल अ‍ॅड्समध्ये एखाद्या दिवशी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, मात्र महिन्याचा एकूण खर्च दैनिक बजेटच्या ३०.४ पटीपुढे आकारला जात नाही. बजेट दिवस संपण्याआधीच आटोपत असेल तर बोली थोडी खाली आणून पाहावी; तेवढ्याच पैशांत बहुधा जास्त क्लिक मिळतात.

बोली प्लॅटफॉर्मनेच ठरवण्याचा, म्हणजे स्वयंचलित बोलीचा, पर्याय मोह पाडणारा असतो. तो वाईट नाही, पण त्या यंत्रणेला शिकायला कन्व्हर्जनची नोंद लागते. महिन्याला साधारण ३० कन्व्हर्जन होऊ लागेपर्यंत बोली हाताने ठरवावी, किंवा बजेटात जास्तीत जास्त क्लिक मिळवू पाहणारा ‘मॅक्सिमाइझ क्लिक्स’ निवडून त्याला कमाल बोलीची मर्यादा घालावी. पुढे टार्गेट सीपीएकडे, म्हणजे एका कन्व्हर्जनमागच्या सरासरी खर्चाचे लक्ष्य देण्याच्या पर्यायाकडे, वळल्यावर कीवर्डच्या तुमच्या स्वतंत्र बोली विचारात घेतल्या जात नाहीत, त्यामुळे लक्ष्याचा आकडा जपून टाकावा. गेल्या महिन्यात एक विद्यार्थी प्रत्यक्ष ३४० ला पडला असेल, तर आरंभीचे लक्ष्य ३४० च ठेवावे. एकदम ३०० लिहिले तर यंत्रणा बरेच लिलाव सोडून देते आणि जाहिरात दिसणेच घटते. दोन-तीन आठवड्यांनी आकडे स्थिर झाले की लक्ष्य ३२५ वर आणावे आणि प्रवेश टिकून राहिले तर त्याच गतीने ३०० पर्यंत उतरावे.