गुडघा बदलण्याआधी पायाची रेषा कशी तपासावी

गुडघा बदलण्याचा सल्ला मिळाला की बहुतेक जण सांधा कोणत्या कंपनीचा, असे विचारतात. माझ्या मते, तो कोणत्या कोनात बसवणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

त्यासाठी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने आणि गुडघ्याची वाटी समोर ठेवून काढलेला संपूर्ण पायाचा एक्स-रे मागावा. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये अंगाचा भार पायावर नसतो, त्यामुळे वाकडेपणा कमी दिसू शकतो. खुब्याच्या गोल डोक्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेषा आखावी. धनुष्यासारख्या बाहेर वाकलेल्या पायांत ही रेषा गुडघ्याच्या आतल्या बाजूने जाते. नवा सांधाही फार तिरका बसला, तर चालताना भार आतल्या कप्प्यात एकवटतो, आणि तिथली प्लास्टिकची गादी लवकर झिजण्याचा किंवा नडगीच्या हाडावर बसवलेला भाग सैल होण्याचा धोका वाढतो.

म्हणूनच ही रेषा गुडघ्याच्या मध्यातून जावी, म्हणजे खुबा, गुडघा आणि घोटा यांचे मध्य जोडून होणारा कोन १८० अंशांचा असावा आणि फरक ३ अंशांच्या आत राहावा, असे उद्दिष्ट अनेक वर्षे मानले गेले. मात्र बेल्जियममध्ये २५० निरोगी तरुणांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच ३ अंश किंवा अधिक बाहेर वाकलेले आढळले. असा पाय पूर्ण सरळ करायचा, तर आतल्या बाजूचे अस्थिबंध सैल करावे लागू शकतात, म्हणून काही शल्यचिकित्सक मूळ ठेवणीजवळचा कोन राखतात. आपल्या बाबतीत कोणती पद्धत निवडली आहे आणि का, हे त्यांना स्पष्ट विचारावे.

समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्याचे वळण नीट कळत नाही, हे मात्र विसरू नये. मांडीच्या हाडावरचा भाग आतल्या बाजूला वळून बसला, तर वाटी बाहेर सरकते आणि जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखू शकते. हे वळण मोजायला सीटी स्कॅन लागतो. नडगीवरच्या भागाचा मागे जाणारा उतारही विचारून घ्यावा, कारण तो फार कमी असल्यास गुडघा पुरेसा वाकत नाही आणि फार जास्त असल्यास सांधा अस्थिर होऊ शकतो.

शस्त्रक्रियेनंतर गुडघा पूर्ण सरळ होऊ लागला की तसाच उभ्याने एक्स-रे काढून घ्यावा आणि आधीच्या एक्स-रेसोबत फाइलमध्ये ठेवावा. वाकलेल्या गुडघ्याचा एक्स-रे कोन चुकीचा दाखवतो.