कोड लिहिण्याआधी वाचायला शिका

पहिल्या नोकरीत माझ्या वाट्याला आलेला पहिलाच बग असा होता: ऑर्डरींची यादी उघडायला नऊ सेकंद लागत होते. मी दोन दिवस त्या पानाच्या कोडशी झटत होते. लूप बदलले, फंक्शन्स नव्याने लिहिली, एका ठिकाणी कॅशही (एकदा आणलेला डेटा जवळच साठवून ठेवणं) लावून पाहिला. नऊचे साडेआठ झाले. तिसऱ्या दिवशी टीम लीड शेजारी येऊन बसले. कीबोर्डला हातही न लावता म्हणाले, "क्वेरींचा लॉग चालू कर आणि पान उघड." स्क्रीनवर क्वेरींच्या, म्हणजे पानाने डेटाबेसकडे केलेल्या मागण्यांच्या, ओळी धावायला लागल्या. यादी आणणारी एक क्वेरी, आणि मग प्रत्येक ऑर्डरसाठी ग्राहकाचं नाव आणणारी एकेक वेगळी. यादीत २०० ऑर्डरी, म्हणजे २०१ क्वेरी. दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडणाऱ्या एका जॉइनने काम झालं आणि पान अर्ध्या सेकंदाच्या आत उघडायला लागलं.

या दुखण्याला 'एन प्लस वन' (यादीची एक क्वेरी, अधिक यादीतल्या प्रत्येकाची एकेक) म्हणतात, हे मला नंतर कळलं. पण मी दोन दिवस लिहीत बसले होते आणि त्यांनी पाच मिनिटं नुसतं वाचलं, ही गोष्ट डोक्यातून गेली नाही. म्हणून सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मी आधी वाचायलाच सांगते. कोड, एररचा मजकूर, लॉग, जुने कमिट (कोडमधल्या बदलांच्या साठवलेल्या नोंदी), सगळं.

अजून नोकरी शोधत असाल तर 'कोणती भाषा शिकू' यात महिने घालवू नका. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट, कुठलीही एक घ्या आणि तिच्यात मुरा. सोबत एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा), गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि कमांड लाइन. फ्रेमवर्क येतात-जातात, एसक्यूएल १९७० च्या दशकातली आहे, गिट २००५ पासून आहे आणि दोन्ही रोज लागतात.

प्रोजेक्ट एकच करा, पण तो कुणीतरी खरोखर वापरला पाहिजे. मी मुलाखती घेते तेव्हा व्हिडिओ बघून केलेले दहा प्रोजेक्ट दोन प्रश्नांत संपतात. याउलट एका मुलाने हजेरी नोंदवायचं साधं ॲप केलं होतं. दोन जणांनी एकाच वेळी तोच तक्ता उघडून सेव्ह केला की पहिल्याच्या नोंदी गायब व्हायच्या. त्याने हे कसं पकडलं, मग टेबलात आवृत्ती क्रमांकाचा कॉलम कसा घातला, सेव्ह करताना तो क्रमांक जुळला नाही तर नोंद का नाकारायची, हे सगळं त्याने कागदावर काढून दाखवलं. बाकीचे प्रश्न मी बाजूला ठेवले आणि पाऊण तास आम्ही त्याच कॉलमवर बोलत होतो. त्याची निवड झाली.

नोकरी लागली की वाचनाला खरी सुरुवात होते. एरर आली की घाबरून मजकूर बंद करू नका. पायथॉनमध्ये नेमकी चूक ट्रेसबॅकच्या (एरर कुठून कुठे आली ते दाखवणाऱ्या मजकुराच्या) शेवटच्या ओळीत असते. जावामध्ये 'कॉज्ड बाय' शोधा. अशा अनेक ओळी असतील तर मूळ कारण बहुधा सगळ्यात खालच्या ओळीत सापडतं. मग त्या ढिगाऱ्यातून तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव शोधा आणि तिथून सुरुवात करा.

मागच्या रिलीजमध्ये चालणारी गोष्ट आज बिघडली असेल तर गिट बायसेक्ट वापरा. चांगला कमिट कोणता, बिघडलेला कोणता, एवढं सांगायचं. ते दर वेळी मधला कमिट काढून देतं, तुम्ही तपासून 'गुड' किंवा 'बॅड' म्हणायचं. हजार कमिट असले तरी साधारण दहा फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. तो सापडला की त्याचा संदेश वाचा. तिथे नुसतं 'फिक्स' लिहिलेलं असेल तर जी चिडचिड होईल ती लक्षात ठेवा, आणि स्वतःच्या कमिटमध्ये बदल का केला ते लिहा.

अडलात तर अर्धा-पाऊण तास स्वतः झटा, मग विचारा. नुसतं "चालत नाहीये" असं मात्र विचारू नका. काय करायला गेलात, काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून पाहिलंत, या चार गोष्टी लिहा आणि एररचा मजकूर जसाच्या तसा जोडा. कितीदा तरी हे लिहितानाच मला उत्तर सापडलं आहे.

रिव्ह्यूसाठी, म्हणजे सहकाऱ्यांनी तुमचा कोड तपासण्यासाठी, छोटे बदल पाठवा. नावं बदलणं आणि वागणूक बदलणं एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मूळ कोडमध्ये घ्या, या विनंतीत) घालू नका, वाचणाऱ्याला खरा बदल दिसत नाही. आणि दुसऱ्यांचे रिव्ह्यू रोज वाचा, तुम्हाला कुणी नेमलेलं नसलं तरी.

एआयकडून कोड जरूर लिहून घ्या. पण माझी ती २०१ क्वेरींची यादी आठवा: तो कोड दिसायला अगदी स्वच्छ होता आणि टेस्टमधल्या पाच ऑर्डरींवर झटकन चालत होता. जी ओळ शेजारच्याला समजावून सांगता येत नाही ती मूळ कोडमध्ये मर्ज करू नका.

रोज संध्याकाळी तीन ओळींची नोंद ठेवा: काय केलं, काय कळलं, आकडा काय बदलला. रेझ्युमेत 'परफॉर्मन्स सुधारला' यापेक्षा 'यादी उघडण्याचा वेळ नऊ सेकंदांवरून अर्ध्या सेकंदाखाली' हे वाक्य शंभर पटीने बोलतं. सहा महिने तुमचा कोड कुणी वाचला नसेल, तर मात्र दुसरी टीम किंवा दुसरी नोकरी शोधायला लागा.

आता प्रॉडक्शनबद्दल, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या चालू सिस्टिमबद्दल, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. एका संध्याकाळी चालू डेटाबेसवर अपडेट चालवताना मी 'व्हेअर'ची (कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणारी) ओळ सोडून वरचाच भाग निवडला. एका ग्राहकाचा पत्ता सगळ्या ग्राहकांना लागला. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी तीच 'व्हेअर' लावून सिलेक्ट चालवायचं आणि किती ओळी येतात ते वाचायचं. मग ट्रान्झॅक्शन (पक्कं करेपर्यंत मागे घेता येणारा बदल) सुरू करून अपडेट. बदललेल्या ओळींचा आकडा तोच असेल तरच कमिट (इथे गिटचा नव्हे, डेटाबेसमधला बदल पक्का करणं), नाहीतर रोलबॅक, म्हणजे बदल मागे. आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून जागेवरून उठायचं नाही, त्या ओळींसाठी बाकीचे खोळंबून राहतात.

त्या संध्याकाळी मी वीस मिनिटं एकटीच ते निस्तरत बसले. तेवढ्या वेळात लोकांनी नवे पत्ते भरले आणि बॅकअप परत आणणं दुप्पट अवघड झालं. तुमच्या हातून असं झालं तर पहिल्या मिनिटाला टीमला कळवा: अमुक वाजता, अमुक टेबलावर, ही क्वेरी मी चालवली, पुढे काही केलेलं नाही. आणि ती क्वेरी जशीच्या तशी खाली चिकटवा.