मुलाला भूल देण्याआधी: ट्यूब, ब्लेड आणि क्रम

पहिला प्रश्न पेजेचा. "काही खाल्लं का?" विचारलं की आई हमखास "नाही" म्हणते, म्हणून थेट "सकाळी पेज दिली का?" असंच विचारा. पेज म्हणजे खाणंच, तिच्यानंतर सहा तास थांबायचं. अंगावरच्या दुधानंतर चार, नुसत्या पाण्यानंतर दोन. सर्दी, छातीतली घरघर, हलणारे दात तेव्हाच बघून घ्या. हनुवटी आत गेलेली असेल किंवा तोंड नीट उघडत नसेल, तर ट्यूब घालणं अवघड जातं, तेव्हा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवायचं का, हे वॉर्डातच ठरवा. म्हापशाच्या किंवा मडगावच्या ऑपरेशन टेबलावर भूल दिल्यावर नव्हे.

आता ट्रॉली. समजा मूल चार वर्षांचं, सोळा किलोचं. श्वासनलिकेत घालायची कफवाली (टोकाशी फुगा असलेली) ट्यूब: आतला व्यास मिमीमध्ये वय भागिले ४ अधिक ३.५, म्हणजे ४.५, शेजारी ४ आणि ५ हव्यातच. ओठापाशी साधारण १४ सेंमीवर फिक्स होईल. दोन नंबरचा एलएमए (स्वरयंत्रावर बसणारा, घशात ठेवायचा मास्क), तोंडावरचा मास्क, चालू सक्शन (थुंकी ओढणारं यंत्र). तान्ह्या बाळाचं डोकं मोठं, मान आपोआप पुढे वाकते, म्हणून खांद्याखाली घडी घातलेला टॉवेल.

ब्लेडवर मात्र मी जरा अडून बसते. तान्ह्यांमध्ये व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने (ब्लेडवरच्या कॅमेऱ्याने स्वरयंत्र पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राने) पहिल्याच प्रयत्नात ट्यूब जाण्याची शक्यता वाढते, त्यामुळे असेल तर तोच आधी हातात घ्या. पण पडद्यावर स्वरतंतू स्वच्छ दिसतात आणि ट्यूब मात्र बाजूलाच अडते, हे जास्त वाकड्या ब्लेडला नेहमीचं. स्टायलेट (ट्यूबमध्ये घालायची वाकणारी तार) ब्लेडच्या वळणाप्रमाणे आधीच वाकवा, त्याचं टोक ट्यूबबाहेर येऊ देऊ नका. एसीतली थंड लेन्स तोंडात गेली की धुरकट होते, तेव्हा यंत्र थोडं आधी चालू करून ठेवा. रक्त किंवा थुंकीने कॅमेरा झाकला तर साधा मिलर (सरळ, कॅमेरा नसलेला) ब्लेडच कामाला येतो. त्याचा दिवा पेटतो का तेही बघा. एलएमए पटकन बसतो, ऑक्सिजन देतो, पण उलटी फुफ्फुसात जाण्यापासून ट्यूबइतकं संरक्षण देत नाही.

क्रम सुरुवातीलाच सिस्टर आणि टेक्निशियनसमोर मोठ्याने सांगा: आधी व्हिडिओ, दोन प्रयत्नांत जमलं नाही तर एलएमए, आणि मदतीला कोणाला बोलवायचं. मधल्या वेळी मास्कने ऑक्सिजन, कारण बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) मोठ्यांपेक्षा फार लवकर घसरतं. अ‍ॅट्रोपिन (मंदावलेले ठोके वाढवणारं) आणि सक्सिनिलकोलीन (स्नायू झटकन सैल करणारं) वजनाप्रमाणे भरून, लेबल लावून तयार. शेवटी कॅप्नोग्राफच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या) नळीत स्वतः फुंकर मारा आणि रेघ उठते का बघा. ट्यूब श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, ते तीच सांगणार आहे.