पहिलं अहिराणी गाणं काढताय? आधी तारीख धरा

लग्नसराई जवळ आली की दोन-तीन पोरं तरी विचारतातच, भाऊ पहिलं गाणं काढायचंय, कसं करू. माझं एकच म्हणणं, स्टुडिओ नंतर बघा, आधी तारीख धरा. आपल्याकडे गाणं मोबाईलवर नंतर गाजतं, हळदीत आधी. लग्नाचं गाणं असेल तर दिवाळीपर्यंत तयार पाहिजे, कारण तुळशीचं लग्न लागलं की तिथी सुरू, आणि बॅन्डवाल्यांना गाणं बसवायला वेळ लागतो. कानबाईचं, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीचं, असेल तर आषाढातच टाका, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या दिवशी अपलोड करून काय उपयोग, तोवर बायांची गाणी ठरून गेलेली असतात.

आता रेकॉर्डिंग. इथं मी स्वतः माती खाल्लीय. माझ्या गाण्यात 'डोया' होतं, रेकॉर्डिस्ट म्हणाला शुद्ध म्हणा, डोळा, आणि मी म्हणालो पण! गाणं आलं आणि खाली पहिलीच कमेंट, "डोया म्हन ना भो, पुन्याना शे का तू?" तर आपला 'ळ' चा 'य' होतो तो होऊ द्या, काया, शाया, केयी, जसं घरी बोलता तसंच गा. घरातल्या म्हातारीला आधी ऐकवा, ती हसली तर शब्द बदला.

हिंदी गाण्याची चाल उचलू नका. यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम आला की व्ह्यूज तुमचे पण पैसा मूळ मालकाला, असं होऊ शकतं.

कुणी कंपनीवाला कागदावर सही मागेल तर नीट वाचा, किती वर्षांसाठी हक्क देताय ते लिहून घ्या. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायद्याने ती 5 वर्षं धरतात, पण "कायमचे" लिहिलेलं असलं तर बसा बोंबलत. गीत-संगीत तुमचं असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा.

पैशाचं म्हणाल तर यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत लोकांनी बघितलेले 4000 तास पाहिजेत, म्हणजे 4 मिनिटांचं गाणं पूर्ण 60,000 वेळा बघितलं गेलं पाहिजे. (शॉर्ट्सचा हिशोब वेगळा.) पहिल्या गाण्यावर मोटारसायकल बुक करू नका.

आणि "एक नंबर भाऊ" वाल्या कमेंट मोजू नका, त्या मामेभावांच्या असतात. लोक कितव्या सेकंदाला पळतात तो यूट्यूबवरचा ग्राफ बघा. त्यापेक्षा पेनड्राइव्ह घेऊन गावातल्या डीजेवाल्याकडे जा, वरात मारुतीच्या पाराजवळ थांबली की लावायला सांगा आणि मागे उभं राहून बघा, पोरं "परत लाव" म्हणतात की पाणी प्यायला जातात. माझ्या वेळी दुसऱ्या कडव्याला निम्मी पोरं पाण्याच्या जारजवळ होती. ते कडवं 8 ओळींचं होतं, पुढच्या गाण्यात 4 च ठेवल्या.